डोहातलं माहेर

भादवा लागला, पावसानं चार दिवस उघडीप दिली, की यवतमाळात आमच्या गल्लीत कुणी ना कुणी दारं-खिडक्या रंगवायला काढतंच. परवा शेजारी सुतार आला होता. त्यानं फाटक काढून अंगणात आडवं टाकलं आणि चिंधीनं त्याला जवसाचं तेल चोळत बसला. तो वास भिंतीवरून इकडे आला मात्र, माझं शेंगा निवडणं जागच्या जागी थांबलं. सून म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, "काही नाही वं, माहेरचा वास आला." ती हसली. म्हातारीचं सुरू झालं असं तिला वाटलं असेल. वाटू दे.

माहेरचा वास कुणाला सारवलेल्या ओसरीचा येतो, कुणाला चुलीचा, कुणाला आंब्याच्या अढीचा. माझ्या माहेराला जवसाचं तेल, पांढरा रंग आणि ओले दोरखंड यांचा वास होता. कारण माझं माहेर पाण्यावर होतं. पैनगंगेच्या काठी, एका नाल्याच्या तोंडाशी साचलेल्या डोहात, एका शिडाच्या जहाजात, एकच पावसाळा. समुद्र आमच्यापासून किती लांब हे तुम्ही नकाशात पाहा. मी थापा मारत नाही. मला तेवढं सुचत नाही.

आम्ही बंजारे. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. मग रेल्वे आली, बैल बसले, माणसंही बसली. तांडे एका जागी टेकले, कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी पेरू लागले. माझे सासरे तांड्याचे नायक. शेती करायचे, पण मन रमायचं नाही. कुठं जड वस्तू हलवायची आहे असं कानावर आलं की त्यांचे डोळे चमकायचे. कुणाच्या विहिरीचा दगड, कुणाचा उसाचा चरक, जंगलातला सागाचा ओंडका, काहीही चालायचं. सासूबाई म्हणायच्या, "यायले बसून जेवाले सांगा, जमत नाही. पहाड ओढाले सांगा, आंग धुऊन तयार."

सासऱ्यांना मामाजी म्हणायचं. म्हणायचं म्हणजे मनात. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, तोंड उघडं टाकायचं नाही, ही आमची रीत. मी नवी, त्यात बोलक्या स्वभावाची. मग काय करणार? मला मामाजींना काही सांगायचं असलं की मी दारातल्या शेळीला सांगायची. "शेळीबाई, रोटी थंडी होऊन राह्यली, कोणाले भूक हाय का नाही?" पलीकडून मामाजी खाकरायचे आणि शेळीलाच उत्तर द्यायचे. "शेळे, दोन घास कमीच वाढ म्हणा." त्या शेळीनं आमच्या घरचे किती निरोप पोचवले, देव जाणे.

महाराष्ट्राचं वेगळं राज्य होऊन एक-दोन पावसाळे झाले असतील तेव्हाची गोष्ट. वणीकडे कोळशाच्या खाणीवर एक गोरा साहेब होता. नोकरी संपली की आपल्याच जहाजातून समुद्रामार्गे घरी जायचं, असं त्यानं ठरवलं होतं म्हणे. त्यासाठी त्यानं मुंबईहून रेल्वेच्या वाघिणीत घालून एक जुनं जहाज आणवलं, टिनाच्या शेडात ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्याची देखभाल केली. दर हिवाळ्यात रंग, दर उन्हाळ्यात तेल, पितळेला रोज पॉलिश. पुढं काय झालं, तब्येतीनं दगा दिला का बायकोनं ऐकलं नाही, कोण जाणे. साहेब विमानानं गेला. जहाज राहिलं. मामाजी तिथं मोडीतली साखळी घ्यायला गेले होते. साखळी राहिली बाजूला. त्यांनी जहाज पाहिलं आणि गोऱ्ह्यांची एक देखणी जोडी देऊन ते घेऊन टाकलं.

कसं पारखलं? बैल पारखतात तसं. भोवती तीनदा फिरले. कुशीवर थाप मारून आवाज ऐकला. लाकडाला नाक लावून वास घेतला. खाली वाकून पाय पाहिले. जहाजाच्या पोटाखाली माशाच्या परासारखा लोखंडाचा भला मोठा कल्ला होता, माणसाच्या कमरेएवढा खोल. खोल समुद्रात वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तो असतो. मामाजींना वाटलं, वा, बैठक मजबूत आहे! त्या कल्ल्यामुळं जहाजाला तरंगायला छातीएवढं पाणी लागतं, आणि आमच्या पैनगंगेत आठ महिने गुडघ्याएवढं, हे कुणीच बोललं नाही. बैलाला चारा किती लागतो ते मामाजींनी आयुष्यभर विचारलं होतं. जहाजाला पाणी किती लागतं हे विचारायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ते वैशाखात आलं. जंगलातले ओंडके वाहायच्या लांबलचक गाड्यावर आडवं बांधून, पुढं तांड्यातल्या झाडून साऱ्या बैलजोड्या जुंपून, आमच्या जवळच्या मुकुटबन गावच्या बाजारातून वाजतगाजत आणलं. बाजार उठून उभा राहिला. ज्यांनी लहानपणी शेवटची लदेणी पाहिली होती ते म्हातारे काठ्या टाकून बैलांच्या पुढं नाचत होते. मी तांड्याच्या तोंडाशी बायकांत उभी होते. घुंगटातून मला आधी बैलांची शिंगं दिसली, मग एक पांढरीशुभ्र कूस, मग पितळेच्या कड्यांच्या गोल खिडक्या उन्हात लखलखताना. मला ते फार आवडलं, अगदी पाहताक्षणी. का, ते आजही सांगता यायचं नाही. एखादी वस्तू कुणीतरी मनापासून जपलेली असते ना, तिच्याकडं पाहूनच बरं वाटतं.

नाल्याच्या तोंडाशी वाळूत, सागाचे टेकू लावून, ते उभं केलं. लोक यायचे, पाहायचे, मग नदीकडं पाहायचे, मग मामाजींकडं. "नायक, हत्तीण तर आणली, आता तिले पाजता काय?" मामाजी म्हणायचे, "थांब ना बे. आषाढ येऊ दे." आणि साहेबाच्या जागी आता हे, दर अमावस्येला जवसाचं तेल घेऊन लाकूड चोळत बसायचे. घाणा मुकुटबनातच होता. तेलाची कमी नव्हती.

त्याच उन्हाळ्यात मला दिवस गेलेले कळून चार महिने झाले होते.

माझं माहेर नदीपलीकडं, आदिलाबादच्या बाजूला. वडील मी लहान असतानाच गेले. आई, आमच्यात आईला याडी म्हणतात, काकाच्या घरी राहायची. त्या घरात तिचं काही नव्हतं. हंडा काकूचा, चूल काकूची, खाटही काकूनं सांगितलेल्या कोपऱ्यात. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा नेम. आणि याडी तिथं होती. माझं माहेर एवढंच, त्याला दुसरी खोली नव्हती. मला तिच्या हातानं न्हाऊन घ्यायचं होतं, तिच्यासमोर ओरडायचं होतं. सासूबाई चांगल्या होत्या, पण सासूसमोर ओरडायची लाज वाटते हो.

ज्येष्ठातच, नदी ओलांडायचा उतार मोकळा होता तेव्हा, मला गाडीत घालून पोचवायला हवं होतं. पण मामाजींच्या डोक्यात दुसरंच. सासूबाईंना म्हणाले, "सून काय गाडीनं जाईल? जहाजानं जाईल. शीड लावून. पलीकडचा तांडा पाहत राहील." मी शेळीला म्हटलं, "शेळीबाई, गाडी काय वाईट हाय वं?" पलीकडून उत्तर आलं, "शेळे, धीर धर म्हणा. आषाढात असा थाट करतो का बस!" त्या थाटापायी ज्येष्ठ निघून गेला. मग पाऊस लागला आणि उतार बंद झाला.

आषाढात पाणी चढलं, नाल्यात उलटं शिरलं आणि जहाजाखाली डोह झाला. टेकू आपोआप सुटून वाहत गेले. पण वैशाखाच्या उन्हात फळ्या आटलेल्या. पहिल्या दिवशी आतून चाळणीसारखी गळती लागली. बायका-माणसं मिळून हंड्यांनी पाणी उपसलं. उन्हाळ्यात गाडीचं चाक सैल होतं, तेव्हा ते नदीत घालून ठेवतो, लाकूड फुगून घट्ट होतं. ते सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून कुणी घाबरलं नाही. चार दिवसांत फळ्या फुगल्या, गळती थांबली, आणि एका सकाळी ती पांढरी कूस पाण्यावर सरळ, शांत, तोऱ्यात उभी राहिली. चेष्टा करणाऱ्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

मग मामाजींनी शीड चढवलं. बाप्पा, काय ती फजिती! वारा कुठून येतो याचा विचार न करता चौघांनी मिळून ते एवढं मोठं कापड वर ओढलं. जहाज एकदम वळलं, काठावरच्या करंजाच्या झाडात डोलकाठी अडकली, शिडानं अर्धं झाड पांघरलं आणि माझा नवरा पाण्यात. तो पोहत बाहेर आला. करंजावरच्या शिडाखालून मामाजींचा आवाज येत होता, "सोडा! नाही, धरा! अबे, सोडा म्हटलं ना!" मी सात महिन्यांची, पोट धरून हसले. हसता हसता लक्षात आलं की हे जहाज काही मला पलीकडं नेत नाही, आणि हसू तिथंच मावळलं.

तरी मामाजी हटेनात. वल्ही लावू, दोर बांधू, ढीवरांना, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांना, बोलावू. तेव्हा त्यांची म्हातारी आत्या, जी सहसा बोलत नसे, ती खाटेवरून म्हणाली, "कायले उठाठेव करतं रे? गर्भार बाई वाहती नदी ओलांडत नसते. आजलोक कोणी ओलांडली का?" मामाजींनी हातातला दोर खाली टाकला. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. ज्येष्ठात नदीला धार नव्हती, गाडी वाळूतून गेली असती. आता दोन्ही काठ भरून पाणी वाहत होतं. पुरुषमाणसाला जड कसं हलवायचं ते येतं; कोण कधी हलू नये, ते बायका सांगतील तेव्हा. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही नाही. शेळीलाही कुणी काही सांगितलं नाही.

मग याडीलाच इकडं का आणू नये, असं तुम्हाला वाटेल. ढीवरांचा डोंगा, खोड कोरून केलेली लहान नाव, उघडीप पाहून एखाददुसऱ्या माणसाला आणायचा. पण लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, तिथं मुक्काम तर लांबच, ही दुसरी रीत. याडी लग्नापासून एकदाच आली होती, तेव्हा मुठीत खजूर आणि कमरेला पाण्याचा तुंबा बांधून. अंगणात बसली, मला डोळे भरून पाहिलं आणि स्वतःचं पाणी पिऊन परत गेली. मी तिकडं जाऊ शकत नव्हते, ती इकडं राहू शकत नव्हती. मला फार एकटं वाटलं.  पोटातलं पोर लाथा मारायचं आणि मला त्याचाही राग यायचा.

सुटका केली सासूबाईंनी. त्या दिवशी ओल्या सरपणावर फुंकर मारता मारता, धुरानं डोळे लाल झालेले, त्या एकदम म्हणाल्या, "आपल्या तांड्याची सीव कोठलोक हाय?"

मामाजी म्हणाले, "पान्याच्या काठालोक. हे काय इचारनं झालं?"

"आन पान्यातलं कोनाचं?"

"पान्यातलं कोनाचं राहते? नदीचं."

"मंग थे जहाज पान्यात हाय ना? तुमच्या गावात कोठी हाय?"

मामाजींनी हातातली चिलीम खाली ठेवली. मी आतल्या दारात उभी होते. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी शेळीबिळी सगळं विसरून जोरात म्हटलं, "मायबाई!"

तांड्याची बैठक बसली. खल झाला, आमच्यात खल झाल्याशिवाय पानही हलत नाही. जहाज नायकाच्या मालकीचं, मग ते नायकाचंच घर नाही का, असं एकानं काढलं. म्हातारी आत्या म्हणाली, "घर चुलीवालीचं असते. चूल जिनं पेटवली तिचं." शेवटी ठरलं: जहाज याडीला द्यायचं, किल्ली तिच्या हाती द्यायची, पहिला विस्तव तिनं तिच्या घरून आणायचा. ती काठाला पाय लावणार नाही. डोंग्यातून थेट जहाजावर चढेल. आणि सून नदी ओलांडणार नाही. काठावरून फळी टाकायची, फळीवरून माहेरी जायचं. सगळ्या रीती जागच्या जागी, कुणाचा शब्द मोडला नाही. मला आजही कुणी म्हटलं ना, की रीती-रिवाज माणसाला बांधून टाकतात, तर मी म्हणते, हो, टाकतात. पण त्यांच्या गाठी कुठं सैल आहेत ते बायकांना विचारा.

श्रावणातली उघडीप पाहून याडी आली. डोंग्यात दोन ढीवर, मध्ये ती. मांडीवर मडकं, मडक्यात राखेखाली काकूच्या चुलीतला विस्तव. एवढी नदी ओलांडताना तिनं एकदाही पाण्याकडं पाहिलं नाही, मडक्याकडंच पाहत होती. काठावर सगळा तांडा उभा. मामाजींनी किल्ली कापडात बांधून वल्ह्याच्या टोकावरून पुढं केली. तिनं घेतली, कपाळाला लावली आणि स्वतःच्या हातानं कुलूप उघडून आत गेली. थोड्या वेळानं त्या गोल खिडकीतून धूर निघाला. मग मी फळीवरून गेले.  सासूबाईंनी मागून कमरेला धरलं होतं. त्यांनी फळीच्या मध्यावर मला सोडलं, कारण त्यांची हद्द तिथं संपत होती, आणि पलीकडून याडीनं हात धरला. एवढ्या लोकांसमोर मी मोठ्यानं रडले. कुणीही मला गप्प केलं नाही.

आत काय होतं म्हणून सांगू! एक अख्खं घर, वाकून फिरावं लागेल एवढंच, पण घर. दोन बाजूंना दोन बाजा, खाली पेट्या. फळ्यांना पुढून काठ, म्हणजे हेलकाव्यात ताटली पडू नये. पितळी कंदील असा टांगलेला की जहाज कलंडलं तरी तो सरळ राही. साहेबाची शेगडीही तशीच, झुलती. पाणी कितीही हिंदकळलं तरी वरची भाजी सांडत नसे. याडी प्रत्येक गोष्ट उघडून पाहायची, मिटायची, पुन्हा उघडायची. म्हणाली, "साहेब होता का बाई होती वं? अशी मांडामांड मानसाले सुचतच नाही." मग तिनं मीठ कुठं, तिखट कुठं, ज्वारीचं पीठ कुठं, ते ठरवलं. पदर खोचला. तिच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, मला पाहून आहे.

ते दिवस! सकाळी जाग यायची ती पाण्याच्या थपथपीनं. फळ्यांपलीकडं मासे अंग घासून जायचे, त्याचा बारीक आवाज यायचा. छतावर पाऊस पडला की कानाच्या अगदी जवळ पडल्यासारखा. पडून राहिलं की गोल खिडकीत कधी आभाळ, कधी नुसतं मातकट पाणी, कधी काठावर चरणारी आमचीच म्हैस. माझं तोंड उघडं, डोकं उघडं. माहेरी कसला घुंगट? याडी मला अंबाडीची भाजी आणि रोटी करून घालायची, पायांना तेल चोळायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळ्या सासरच्यांच्या नकला करायची. ती म्हणायची, "हळू बोल वं, काठावर आयकू जाते." आणि आम्ही दोघी हसायचो.

सगळ्यात मजा मामाजींची. जहाज त्यांचं, पण आता ते विहिणीचं घर. व्याह्यानं कसं यायचं? डोक्याला पागोटं बांधून, हातात काहीतरी घेऊन, बाहेरून खाकरून. फळीच्या अलीकडं उभे राहायचे. "येऊ का विहीणबाई?"

आतून याडी ठसक्यात, "या की. पन पाय धुऊन या. पायाले गारा लय हाय."

तांड्याचा नायक, ज्याच्या शब्दावर दोन गावांचे तंटे मिटायचे, तो डोहात वाकून पाय धुवायचा. मग वर येऊन सुकाणूजवळ आदबीनं बसायचा आणि याडीनं दिलेलं गूळ-पाणी घ्यायचा. माझ्याशी बोलायचा नाही. माझी हालहवाल याडीला विचारायचा. आणि जाता जाता कठड्यावर बोट फिरवून पाहायचा, तेल वाळलं का. एकदा याडी म्हणाली, "व्याही, तेल मी लावीन आता. माह्या घराची काळजी मले हाय." मामाजींनी मान हलवली. ते खूश झाले होते. मला खिडकीतून दिसलं.

पुढं ते जहाज पुष्कळ वर्षं आमच्या डोहात राहिलं. उन्हाळ्यात वाळूवर कलायचं, पावसाळ्यात उठायचं. ज्यांची माहेरं पलीकडं होती अशा आणखी काही सुनांच्या आया डोंग्यातून मडकी घेऊन आल्या. मुकुटबनच्या बाजारात लोक विचारायचे, "नायक, तुमच्या जहाजानं धंदा किती केला?" मामाजी म्हणायचे, "लेकरं आणली. समुद्रातलं जहाज काय आणते? खजूर." शेवटी एका मोठ्या पुरात दोर तुटले आणि ते गेलं. खाली गोदावरीला लागलं असेल, तिथून कुठं गेलं असेल ते मला माहीत नाही. समुद्राला मिळालं असेल असं मी मानून चालते. मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण मी माझ्या पावसाळ्याचं सांगत होते.

भादव्यात माझे दिवस भरले आणि वरती कुठंतरी मुसळधार झाली. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारपर्यंत डोहाचं पाणी हातभर चढलं. नदी नाल्यात घुसत होती आणि जहाज दोरांना हिसके देत होतं. काठावरून ओरडा, "आणा तिले बाहेर! घरी आणा!" फळीवरून आत आलेली तांड्यातली दाई म्हणाली, आता हलवता येत नाही. मी याडीचा दंड धरला. खरं सांगते, मला पुराची भीती वाटली नाही. एकच भीती वाटत होती, हे लोक मला इथून उचलून नेतील आणि याडी मागं जहाजावरच राहील.

मामाजींनी कुणालाही फळीवर पाय ठेवू दिला नाही. त्यांनी बैल आणवले. जहाजाचा प्रत्येक दोर काठावर नेऊन एकेका जोडीच्या जुवाला बांधला, आणि ज्या जोड्यांनी वैशाखात ते ओढत आणलं होतं त्याच जोड्या आता चिखलात पाय रोवून त्याला धरून उभ्या राहिल्या. पाणी चढलं की एकेक पाऊल मागं, उतरलं की एकेक पाऊल पुढं. मामाजी भर पावसात बैलांशी बोलत होते, एकेकाचं नाव घेऊन, "धर राजा, धर. सोडू नको बाप." मला आत ते ऐकू येत होतं. जहाज वर जायचं, खाली यायचं, पण कलंडलं नाही. ज्याची सगळ्या गावानं चेष्टा केली होती, तो पोटाखालचा लोखंडी कल्ला खाली गच्च होता. याडी माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत होती, "ओरड वं बाई, ओरड. आपल्याच घरी हाय." आणि मी ओरडले. सासू, सासरे, नवरा, बैल, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. तसं मोकळं मी आयुष्यात पुन्हा कधी ओरडले नाही.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दाईनं खिडकीतून हात बाहेर काढून सांगितलं. काठावर ढोल वाजला, पण मामाजी तिथून हलले नाहीत. पाणी उतरेपर्यंत ते बैलांजवळच होते.

बाराव्या दिवशी मामाजी आणि सासूबाई नवे कपडे घालून फळीपाशी आले. आता नात झाली होती, रीत संपली होती. सासूबाई पाण्यानं भरलेली घागर घेऊन आल्या होत्या. "विहीणबाई, आता आमचं पानी तुमाले चालते. घरी चला. चार दिवस मांडीवर नातीले घेऊन बसा. मंग मानानं पोचवतो."

याडी सुकाणूपाशी बसली होती. तिनं हात पुढं करून घागरीतलं पाणी ओंजळीनं घेतलं, प्यायली, तोंड पुसलं. मग म्हणाली, "येईन. पन आज नाही. लेकीले न्या."

सासूबाई म्हणाल्या, "एकली काय करता इथी?"

याडीनं कमरेची किल्ली चाचपली. मग माझ्याकडं पाहून, मला एकटीलाच सांगितल्यासारखं, हळू बोलली. "बापाच्या घरी व्हती, थे बापाचं. तुह्या बापाकडं आली, थे त्याचं. मंग दिराचं. चाबी कोनी माह्या हाती देली नव्हती. उतार मोकळा होयेपर्यंत मले राहू दे वं इथी. मले बी माहेर पाह्यजे."

तिच्या चेहऱ्यावरचं ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं. मला पाहून आलेलं नव्हतं ते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट बरं वाटलं. मामाजींनी पागोटं सारखं केलं आणि सासूबाईंना मागं फिरायची खूण केली.

मी लेकीला पदराखाली घेऊन फळीवरून उतरले. काठावर आल्यावर डोक्यावर घुंगट ओढला, पण ओढायच्या आधी एकदा वळून पाहिलं. याडी गोल खिडकीची काच ओल्या फडक्यानं पुसत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं. लेकी आयांना सोडून सासरी जातात, रडत जातात. मी त्या दिवशी आईला तिच्या घरी सोडून आले, आणि मला रडू आलं नाही.